कादंबरी जिथं थांबत नाही

हॅरी पॉटरच्या सातव्या पुस्तकात एक छोटा प्रसंग आहे. पळापळीच्या गदारोळात तो सहज नजरेतून सुटतो. जादूशाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर गेल्यावर त्यांच्या मृत्युपत्रातून हॅरीची मैत्रीण हर्मायनी हिच्या वाट्याला बालकथांचं एक जुनंपानं, डाग पडलेलं पुस्तक येतं. लेखक कुणी बीडल. शाळेचं अख्खं ग्रंथालय पालथं घातलेल्या हर्मायनीला हा बीडल कोण ते माहीत नसतं. हॅरीलाही नसतं. पुस्तक म्हटलं की ज्याला जांभई येते तो त्यांचा मित्र रॉन मात्र थक्क होऊन दोघांकडे बघत राहतो. या गोष्टी न ऐकलेलं माणूस असूच कसं शकतं? तो दोन-तीन गोष्टींची नावंही घेतो. हर्मायनी सिंड्रेलाचं नाव काढते, तेव्हा हा कुठला आजार, असं त्यालाच विचारावं लागतं.

हशा होतो आणि कथा पुढं सरकते. पण जरा थांबून पाहिलं तर इथं एक कोडं आहे. सहा पुस्तकं आपण त्या जगात हिंडलो. तिथली नाणी, मिठाया, खेळ, तुरुंग, मंत्रालय, सगळं पाहून झालं. तिथली आई रात्री पोरांना निजवताना काय सांगते, हे मात्र आपल्या मनातही आलं नव्हतं. लेखिका जे. के. रोलिंगबाईंनी नवं गाव आणलं नाही, नवा प्राणी नाही, नवा मंत्र नाही. फक्त दोन-तीन गोष्टींची नावं घेतली आणि ते जग एकदम शेकडो वर्षं जुनं वाटायला लागलं. हे कसं घडतं?

उत्तरासाठी एका दुर्लक्षित प्रकाराकडे जावं लागतं. मुलांच्या काही गाजलेल्या फँटसी मालिकांना एखादा कथासंग्रह जोडलेला असतो. जग तेच, पण कादंबरी नाही, सुट्या गोष्टी. तूवे यान्सन यांच्या मूमिनच्या दरीला असा संग्रह आहे, अर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसीला आहे, एल. फ्रँक बॉम यांच्या ऑझला आहे, लॉइड अलेक्झांडर यांच्या प्रिडेनला आहे. बरेच वाचक त्याला मालिकेचं उरलंसुरलं समजतात आणि ‘नंतर कधीतरी’ म्हणून बाजूला ठेवतात. माझं मत उलट आहे. यातले निदान दोन संग्रह मला त्यांच्या मालिकांमधल्या बऱ्याच कादंबऱ्यांहून सरस वाटतात.

डेक्कन क्वीन आणि लोणावळा लोकल

पुण्याहून मुंबईला निघालेल्या डेक्कन क्वीनच्या खिडकीतून कान्हे, कामशेत, मळवली या नुसत्या पिवळ्या पाट्या असतात. वाचेपर्यंत मागं पडतात. गाडीला मुंबई गाठायची असते, त्यामुळं दोष तिचा नाही. लोणावळा लोकलमध्ये बसलात तर त्याच कामशेतला दार उघडतं, माणसं चढतात, टोपल्या उतरतात आणि पाटीमागं एक गाव आहे हे कळतं.

मुलांची फँटसी कादंबरी डेक्कन क्वीनसारखी धावते. तिथं बहुतेक वेळा सगळं जगच धोक्यात असतं. काळा जादूगार परतलेला असतो, नाहीतर धूमकेतू जवळ येत असतो. नायकाला वेळेत पोचायचं असतं आणि प्रत्येक प्रकरणानं त्याला पुढं ढकललं पाहिजे. वाटेत भेटणारा नावाडी, खाणावळवाली, भित्रा शेजारी यांना चार ओळी मिळतात. संपादक कडक असेल तर दोनच.

लघुकथा कामशेतला थांबू शकते. जग वाचवायची जबाबदारी तिच्यावर नसते.

पण मग असा प्रश्न येतो की लेखक सुरुवातीपासूनच लोकलनं का जात नाहीत? इथं एक तांत्रिक अडचण आहे. नेहमीच्या जगातल्या कथेत ‘तिनं चहा टाकला’ एवढं लिहिलं की काम भागतं. चहा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, तो कुणासाठी आणि कुठल्या वेळी टाकला यावरून वाचक घरातलं वातावरणही ओळखतो. अद्भुत जगात ही सोय नाही. इथं जादू कोण करतं, तिची किंमत काय, प्राणी बोलतात की नाही, मेलेला परत येतो का, हे सगळं आधी सांगावं लागतं. तीनशे पानांच्या कादंबरीत त्यावर चाळीस पानं गेली तर चालतं. वीस पानांच्या कथेत तेवढा खर्च केला की हातात काही उरत नाही.

जग एकदा लाडकं झालं की हा खर्च कादंबऱ्यांनी आधीच उचललेला असतो. तेव्हा कथा थेट मधूनच सुरू होऊ शकते.

अर्सुला ले ग्विन यांच्या बाबतीत हा फरक स्पष्ट दिसतो. अर्थसी हे त्यांचं बेटांचं जग. त्याची सुरुवात कादंबरीनं झालेली नाही. 1964 साली ‘फँटॅस्टिक’ नावाच्या अमेरिकन मासिकात आलेल्या दोन लघुकथांमध्ये त्याचं बीज आहे. त्यातली एक, ‘द रूल ऑफ नेम्स’, एका नियमावर उभी आहे: ज्याचं खरं नाव तुम्हाला कळलं, त्याच्यावर तुमची सत्ता. नियम नवा होता, म्हणून सगळी कथा तो समजावण्यात आणि शेवटी त्यावरूनच वाचकाला चकवण्यात खर्ची पडली. कथा मजेदार आहे, पण ती नियमाची कथा आहे. माणसांची म्हणाल तर थोडीच. पुढं 1968 पासून कादंबऱ्या आल्या आणि तो नियम वाचकांच्या अंगवळणी पडला. 2001 च्या ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ या संग्रहापर्यंत तो चहाइतका रोजचा झाला होता. आता कुणी कुणाला आपलं खरं नाव सांगितलं एवढं एक वाक्य पुरतं. त्यात विश्वास किती, धोका किती, प्रेम किती, ते वाचक स्वतः भरतो.

मूमिनच्या दरीत, दुय्यम माणसांकडे

तूवे यान्सन (1914–2001) हेलसिंकीच्या. फिनलंडमधल्या स्वीडिश भाषक घरातल्या, मुळात चित्रकार. मोठ्या नाकाचे, गोलमटोल, पांढरे मूमिन त्यांनी 1945 साली पुस्तकात आणले. सुरुवातीच्या गोष्टींमध्ये पूर येतो, धूमकेतू येतो, म्हणजे संकटं मोठ्या मापाची. 1954 पासून लंडनच्या ‘इव्हिनिंग न्यूज’मध्ये मूमिनची चित्रपट्टी रोज छापून येऊ लागली आणि ते जगभर पोचले. रोजच्या रतिबाला यान्सन पुढं कंटाळल्या. 1959 मध्ये त्यांनी हे काम सोडलं आणि ते त्यांचा भाऊ लार्स यांच्याकडे गेलं.

त्यानंतर तीन वर्षांनी, 1962 साली, त्यांचा कथासंग्रह आला. स्वीडिश नावाचा अर्थ ‘अदृश्य मूल आणि इतर कथा’. इंग्रजीत तो ‘टेल्स फ्रॉम मूमिनव्हॅली’ म्हणून ओळखला जातो. त्यात नऊ कथा आहेत आणि बहुतेक कथांमध्ये मुख्य कुटुंब एक पाऊल मागं सरकलेलं आहे.

शीर्षककथा घ्या. पावसाळी संध्याकाळ आहे. घरातली मंडळी ओसरीवर टेबलाभोवती बसून रानातून आणलेल्या अळंब्या साफ करतायत. दार उघडून त्यांची मैत्रीण टू-टिकी आत येते आणि सोबत एका मुलीला आणते. ती मुलगी दिसत नाही. गळ्यातली घंटा तेवढी किणकिणते. मुलीचं नाव निनी. तिला सांभाळणारी बाई सतत थंडपणे टोचून, उपरोधानं बोलायची, आणि पोर हळूहळू पुसट होत होत दिसेनाशी झाली. टू-टिकी हे सगळं सर्दीपडशाबद्दल बोलावं इतक्या सहज सांगते. घरातलं कुणी किंचाळत नाही. मूमिनममा आजीच्या जुन्या वहीत औषध शोधायला जाते.

कुणाच्या बोलण्यानं माणूस विरघळत जातो, असं आपल्या जगातही होतं, पण आपण ते अलंकार म्हणून बोलतो. मूमिनच्या दरीत ते अक्षरशः खरं होतं, आणि तिथल्या वाचकाला अशा गोष्टींची आधीपासून सवय आहे. हीच कथा स्वतंत्रपणे, अनोळखी जगात लिहिली असती तर निम्मी पानं ‘मूल अदृश्य होतंच कसं?’ याच्या खुलाशात गेली असती. इथं दुसऱ्याच पानापासून खरा प्रश्न सुरू होतो: आता हिला परत कसं आणायचं?

उत्तर कुठल्याही पराक्रमात नाही. आधी तिची पावलं दिसू लागतात. मूमिनममा तिच्यासाठी फ्रॉक शिवते. कुणी ओरडत नाही, कुणी घाई करत नाही, आणि मुलगी मानेपर्यंत दिसायला लागते. चेहरा मात्र येत नाही. तिला खेळता येत नाही, कारण ती फक्त आज्ञा पाळते. तोंडाळ लिटल माय तिला सुनावते की भांडायला शिकल्याशिवाय तुला चेहरा मिळायचा नाही. शेवटी समुद्रकाठी मूमिनपप्पा गमतीनं बायकोला पाण्यात ढकलायचं सोंग करतो. निनीला ते खरं वाटतं. ती धावते आणि त्याच्या शेपटीला कडकडून चावते. आणि रागानं लालबुंद झालेला एक चेहरा सगळ्यांना दिसतो.

मायेनं शरीर परत येतं, चेहऱ्यासाठी राग लागतो. बालमानसशास्त्रावरची कितीतरी पुस्तकं जे सांगायला धडपडतात ते इथं वीसेक पानांत आहे. यातून कादंबरी केली असती तर त्या दुष्ट बाईशी सामना आला असता, शाप आला असता, उतारा आला असता. यान्सनबाई त्या बाईला पानावर येऊच देत नाहीत. मला ही त्यांची सर्वांत धूर्त निवड वाटते.

फिलिजंकची कथा तर मुलांच्या पुस्तकात कशी आली, असं वाटावं इतकी मोठ्यांची आहे. फिलिजंक ही कादंबऱ्यांतली पार्श्वभूमीवरची जमात: टापटिपीची, भित्री, लोक काय म्हणतील याच्या धाकात जगणारी. कथेतली फिलिजंक समुद्राकाठी एका उदास घरात एकटी राहते आणि काहीतरी भयंकर होणार या धास्तीत दिवस काढते. शेजारीण गॅफ्सी चहाला येते, तेव्हा ती हे सांगू पाहते. गॅफ्सी नीट ऐकत नाही, कारण चहाच्या टेबलावर असले विषय काढायचे नसतात. मग खरंच वादळ येतं, घर मोडतं, आणि सकाळी एक प्रचंड वावटळ तिचं उरलंसुरलं सामान, वारशानं आलेली शोभेची चिनीमाती, सगळं उचलून नेते. फिलिजंक किनाऱ्यावर उभी आहे, तिच्याकडे आता काही नाही, आणि ती हसत सुटते. ज्याची भीती होती ते होऊन गेलं!

हिला कादंबरीत जागा नव्हती. कादंबरीत वादळ आलं की सगळ्या दरीला वाचवायला निघावं लागतं. वादळ एकाच बाईच्या उपयोगी पडतं, ही गोष्ट सांगायला छोटंच माप हवं.

मापाचा हा खेळ संग्रहभर चालतो. एका कथेत ड्रॅगन आहे, जगातला शेवटचा. पण तो काचेच्या बरणीत मावतो आणि माश्या खातो. मूमिनट्रोल त्याला पकडतो, जीव लावतो, आणि ड्रॅगनचा जीव जडतो तो मूमिनट्रोलच्या मित्रावर, स्नफकिनवर, ज्याला तो नकोच असतो. जगातल्या शेवटच्या ड्रॅगनची कथा, आणि पणाला काय लागलंय तर एका मुलाचा रुसवा.

या संग्रहानंतर यान्सन यांच्या कादंबऱ्याही बदलल्या. 1970 च्या शेवटच्या मूमिन कादंबरीत मूमिन कुटुंब प्रत्यक्ष येतच नाही. एक फिलिजंक, एक हेम्यूलन आणि आणखी काही पाहुणे रिकाम्या घरात त्यांची वाट बघत राहतात. दुय्यम माणसांवर सगळं पुस्तक तोलता येतं, हा आत्मविश्वास त्यांना या नऊ कथांनी दिला असावा, असा माझा अंदाज आहे.

त्या जगातल्या लोकांच्या गोष्टी

आता बीडलकडे परत. इथली युक्ती वेगळी आहे. यान्सन त्यांच्या जगात घडलेल्या गोष्टी सांगतात. बीडलच्या गोष्टी त्या जगातली माणसं एकमेकांना सांगतात.

आपल्याला हे नवं नाही. महाभारताच्या वनपर्वात द्यूतात सगळं गमावलेला युधिष्ठिर रानात बसलेला असतो आणि बृहदश्व ऋषी त्याला नळाची गोष्ट सांगतात. तोही द्यूतात हरलेला राजा. पुढं मार्कंडेय सावित्रीची गोष्ट सांगतात. आपण आज ही उपाख्यानं सुटी वाचतो, पण मूळ जागी त्यांना ऐकणारा आहे आणि ऐकण्याचं कारण आहे.

‘तीन भावांची गोष्ट’ सातव्या पुस्तकात अशीच येते. तीन भाऊ नदीवर जादूनं पूल बांधतात, हक्काची शिकार हुकलेला मृत्यू समोर उभा राहतो आणि लबाडीनं तिघांना बक्षिसं देतो. हर्मायनी ती मोठ्यानं वाचायला घेते. पहिल्याच वाक्यात संध्याकाळ आहे. रॉन तिथंच अडवतो: आमची आई तर मध्यरात्र म्हणते.

एवढ्याशा हरकतीत सगळं रहस्य आहे. लोककथेची ओळख पटते ती तिच्या पाठभेदांवरून. एकाच्या आजीकडे चिमणीचं घर मेणाचं, दुसऱ्याच्या आजीकडे आणखी कशाचं. लेखकानं काल रचलेल्या गोष्टीला एकच रूप असतं. पिढ्यान्‌पिढ्या तोंडातून तोंडात फिरलेल्या गोष्टीला अनेक. रॉननं मध्यरात्र म्हटल्याबरोबर त्या कथेमागं रॉनचं वीझली घराणं, एक स्वयंपाकघर आणि दमलेली आई उभी राहते. वाचकाला न कळत कथेला वय मिळतं.

या कथेची हाडं खरोखरही जुनी आहेत. मृत्यूच्या भेटीला गेलेल्या तिघांची गोष्ट चौदाव्या शतकातल्या इंग्रज कवी चॉसरनं सांगितली आहे, आणि तिच्या गाभ्याशी मिळतीजुळती, धनापायी एकमेकांचा जीव घेणाऱ्या चोरांची गोष्ट त्याच्याही पुष्कळ आधी पाली जातकांमध्ये, वेदब्भ जातकात आहे.

संग्रह प्रत्यक्षात आला तो जरा राजेशाही वाटेनं. 2007 मध्ये मालिका संपल्यावर रोलिंग यांनी या पाच गोष्टी स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या चित्रांसह लिहून सात प्रती केल्या. सहा प्रती मालिकेशी जवळून संबंध असलेल्यांना भेट दिल्या. सातवी डिसेंबर 2007 मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात धर्मादाय कामासाठी विकली गेली आणि तिला 19 लाख 50 हजार पौंड मिळाले. सर्वसामान्यांसाठीची आवृत्ती 4 डिसेंबर 2008 ला आली.

छापील पुस्तकात प्रत्येक गोष्टीमागं डम्बलडोरांची टिपणं आहेत, आणि खरं सांगायचं तर मला गोष्टींपेक्षा ही टिपणं आवडतात. ‘जादूगार आणि उड्या मारणारं भांडं’ या गोष्टीत एक तुसडा जादूगार गावातल्या साध्या, जादू न येणाऱ्या लोकांना मदत करायला नकार देतो आणि बापाचं भांडं त्याचा पिच्छा पुरवून त्याला सरळ करतं. डम्बलडोर सांगतात की चेटकिणींना जाळण्याच्या काळात ही गोष्ट जादूगारांना खटकू लागली. छळणाऱ्यांना मदत कसली करायची? मग तिचं दुसरंच रूप तयार झालं, ज्यात भांडं गावकऱ्यांनाच गिळतं. पुढं एका सोवळ्या लेखिकेनं सगळ्या गोष्टी गोड-गुळमट करून छापल्या. आणखी एका गोष्टीत जादूगारणीचं लग्न साध्या माणसाशी होतं, म्हणून ल्यूशियस मॅलफॉय हा जादूगार ते पुस्तक शाळेच्या ग्रंथालयातून काढायची मागणी करतो.

म्हणजे पाच छोट्या गोष्टी, पण त्यांच्याभोवती छळ, सूड, सोवळेपणा आणि पुस्तकबंदी असा सगळा सामाजिक इतिहास. ज्या द्वेषावर सात कादंबऱ्या उभ्या आहेत तो खलनायक वोल्डेमॉर्टनं आणलेला नव्हता, पाळण्यातल्या गोष्टींमध्येही तो आधीच झिरपलेला होता, हे इथं दिसतं.

चौकट : पाच संग्रह, थोडक्यात

ऑझ (अमेरिका) – एल. फ्रँक बॉम, सहा कथा 1913 मध्ये सुट्या पुस्तिकांत, 1914 मध्ये एकत्र.
मूमिन (फिनलंड, मूळ भाषा स्वीडिश) – तूवे यान्सन. नऊ कथा, 1962.
प्रिडेन (अमेरिका) – लॉइड अलेक्झांडर. सहा कथा, 1973. 1999 च्या आवृत्तीत आणखी दोन.
अर्थसी (अमेरिका) – अर्सुला ले ग्विन. पाच कथा, 2001.
बीडल (ब्रिटन) – जे. के. रोलिंग, पाच कथा, 2008.

तेहेतीस वर्षांनी केलेली दुरुस्ती

कथासंग्रहाचं आणखी एक काम असतं, आणि ते सगळ्यांत अवघड. कादंबरीत होऊन गेलेली चूक किंवा घाई दुरुस्त करणं.

अर्थसीच्या पहिल्या कादंबरीत गेड या पोराचा गुरू ऑजियन येतो. त्याची ओळख काय? भूकंप शमवणारा जादूगार. बस. ओझरता उल्लेख होतो आणि कथा पुढं जाते. 1968 मध्ये ले ग्विन यांना गेडला पुढं न्यायचं होतं.

2001 च्या संग्रहात ‘द बोन्स ऑफ द अर्थ’ नावाची कथा आहे. तिच्यात तोच भूकंप आहे. आणि आपल्याला कळतं की डोंगराच्या पोटात शिरून, स्वतःचा देह तिथंच ठेवून भूकंप थोपवला तो ऑजियनच्या म्हाताऱ्या गुरूनं. ऑजियन खाली गावात उभा राहून साथ देत होता. लोकांना तो दिसला, म्हणून श्रेय त्याला मिळालं. त्यानं खरं सांगायचा प्रयत्न केला, पण एकदा लोकांनी नायक ठरवला की कोण ऐकतं.

यात पहिल्या कादंबरीतलं काहीही खोटं ठरत नाही, हे कौशल्य. लोक ऑजियनबद्दल तसंच बोलत होते, आणि कादंबरीनं लोक काय बोलतात तेच नोंदवलं होतं. कथेनं मागं जाऊन त्या प्रसिद्धीच्या खाली कोण गाडलं गेलंय ते दाखवलं.

दुसरी दुरुस्ती मोठी आहे. पहिल्या कादंबरीत बायकांची जादू कुचकामी आणि वाईट, असं म्हणी सांगतात, आणि रोक बेटावरच्या जादूशाळेत फक्त मुलगे असतात. साठच्या दशकात फँटसी अशीच असायची आणि ले ग्विन यांनी ती चौकट तेव्हा फारशी न तपासता घेतली. पुढं त्यांना ती खुपली. संग्रहातल्या ‘द फाइंडर’ या दीर्घकथेत त्या गेडच्या काळाच्या सुमारे तीनशे वर्षं आधी जातात. तिथं दिसतं की शाळेची पायाभरणी करणाऱ्यांत बायका होत्या. त्यांना बाहेर काढणं नंतर घडलं आणि मग हे पहिल्यापासून असंच होतं असं सगळे समजू लागले. शेवटच्या ‘ड्रॅगनफ्लाय’ या कथेत एक मुलगी शाळेच्या दारात येऊन उभी राहते.

लेखिकेनं जुनी पुस्तकं पुसून नव्यानं लिहिली असती तर वाचकांनी आरडाओरडा केला असता, आणि रास्त केला असता. त्यांनी अर्थसीलाच इतिहास दिला, आणि इतिहासात सत्ताधाऱ्यांची आवृत्ती टिकते हे आपल्याला पटायला जड जात नाही. कादंबरीला हे जमलं नसतं, कारण तिला एक नायक आणि एक काळ धरून राहावं लागतं. पाच कथांना तीनशे वर्षांत हवं तिथं उतरता येतं.

दुकानाची बाजू

प्रत्येक संग्रहामागं असली उदात्त गरज असते, असं समजायचं कारण नाही. एल. फ्रँक बॉम यांना ऑझचा कंटाळा आला होता. 1910 च्या कादंबरीत त्यांनी तो देश बाहेरच्या जगासाठी अदृश्यच करून टाकला, म्हणजे पुन्हा कुणी गोष्ट मागायला नको. पण त्यांची दुसरी पुस्तकं तेवढी खपली नाहीत आणि 1911 मध्ये त्यांचं दिवाळं वाजलं. 1913 मध्ये ते ऑझला परतले. नवी कादंबरी आली आणि त्याच वर्षी धाकट्या वाचकांसाठी सहा छोट्या पुस्तिका बाजारात आल्या. उद्देश उघड होता, मुलांना पुन्हा ऑझची गोडी लावायची. गोष्टी प्रसन्न आहेत, जॉन नील यांची चित्रं सुंदर आहेत, पण त्यात ऑझबद्दल नवं असं काही कळत नाही. गाडी कामशेतला थांबते खरी, पण दार उघडत नाही.

याची आधुनिक आवृत्ती म्हणजे 2016 मध्ये इ-पुस्तकांच्या रूपात आलेली हॅरीच्या शाळेविषयीची, म्हणजे हॉगवर्ट्‌सविषयीची तीन छोटी संकलनं. अमुक शिक्षिकेचं बालपण, तुरुंगाचा इतिहास, तमुक वस्तूचा उगम. वाचताना माहिती मिळते. पण माहिती आणि कथा यांचा परिणाम विरुद्ध दिशेनं होतो. रॉननं नुसती नावं घेतली तेव्हा जग मोठं झालं, कारण आपल्याला ठाऊक नसलेलं पुष्कळ काही तिथं आहे हे जाणवलं. प्रत्येक कोपऱ्यावर खुलाशाची पाटी लावली की ते जग तेवढंच उरतं, जेवढं पाटीवर लिहिलंय.

लॉइड अलेक्झांडर यांना हे बरोबर कळलं होतं. त्यांच्या पाच प्रिडेन कादंबऱ्या 1964 ते 1968 मध्ये आल्या आणि शेवटचीला 1969 चं न्यूबेरी पदक मिळालं. वाचकांनी पुढं काय झालं ते विचारलं असणार. 1973 च्या संग्रहात ते पुढं गेलेच नाहीत. सगळ्या कथा नायकाच्या जन्माआधीच्या. त्याची मालिका जिथं संपली ती जागा त्यांनी कुणाला उकरू दिली नाही.

कोणतं आधी वाचायचं?

मुलांना ही पुस्तकं देणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न, आणि प्रत्येक संग्रहाचं उत्तर वेगळं आहे.

बीडलच्या गोष्टी तशा स्वतंत्र आहेत, आठ-नऊ वर्षांच्या मुलाला वाचून दाखवता येतात. टिपणांची गंमत मात्र मालिका वाचलेल्यालाच कळेल. ‘हॅरी पॉटर आणि परीस’पासून मराठीत सुरुवात केलेल्या मुलानं आधी सातव्या भागापर्यंत जावं हे बरं. ‘केसाळ हृदयाचा जादूगार’ ही गोष्ट मोठ्यांनी आधी एकदा चाळून घ्यावी. ती खरोखर रक्तरंजित आहे आणि निजायच्या वेळेची नाही.

अर्थसीच्या कथा चार कादंबऱ्यांनंतर आणि ‘द अदर विंड’च्या आधी वाचाव्यात. ‘ड्रॅगनफ्लाय’ हा त्या दोन टोकांमधला पूल आहे. तो गाळला तर शेवटच्या कादंबरीत एक माणूस अचानक कुठून आलं असं वाटेल. हा संग्रह तेरा-चौदाच्या पुढच्यांसाठी.

प्रिडेनच्या कथा कादंबऱ्यांच्या आधीही चालतात, नंतरही.

मूमिनच्या बाबतीत मी प्रकाशकांचा क्रम मोडायला सांगेन. निनीची गोष्ट आधी वाचून दाखवा. मूमिन कोण, लिटल माय कोण, असे प्रश्न मूल विचारील. विचारू द्या, आणि मग कादंबऱ्या हातात द्या. फिलिजंकची कथा त्याला तेव्हा कदाचित आवडणार नाही. ती तुम्ही वाचा.